हातभर माती

मागच्या दाराची कडी काढायला ताईने सवयीने हात वर नेला, तर कडी जागेवर नव्हती. दारच नवं होतं. पांढरं, गुळगुळीत, कमरेच्या उंचीवर चकचकीत मूठ असलेलं. तिने पाठीवरची बॅगसुद्धा अजून उतरवली नव्हती. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. सहा आठवडे भाचीच्या घरी राहून रोजची चहाची पत्ती आणि अंड्यांची टरफलं तिने गॅलरीत वाळवली होती, वरवंट्याखाली चुरली होती आणि बसमध्ये शेजारच्या माणसाने दोनदा नाक मुरडलं तरी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"थांब थांब, मी उघडतो," म्हणत छोट्या मागून आला. "आधी डोळे मीट."

छोट्या तिचा धाकटा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्यावर मोजून चार केस. पण घरात आणि गल्लीत तो अजून छोट्याच होता.

"मला आंघोळ करायचीय रे. दाखव काय ते लवकर."

"मीट तरी."

तिने डोळे मिटले. मूठ फिरल्याचा आवाज झाला, तोंडावर गरम हवा आली. तिने पायातल्या चपला काढल्या, कारण परसात ती कधीच चपला घालून उतरत नसे, आणि पाऊल खाली टाकलं. तळवा भाजला.

डोळे उघडले तेव्हा समोर राखाडी अंगण होतं. एकमेकांत अडकवलेले सिमेंटचे ठोकळे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, झाडून पुसून लख्ख. पलीकडची भिंत फोडून तिथे लोखंडी फाटक बसवलं होतं. डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या बारा काळ्या कुंड्या एका रांगेत उभ्या होत्या, दुकानातून आणलेल्या रोपांच्या, किमतीच्या चिठ्ठ्या अजून लटकत असलेल्या.

"कसं वाटलं?" छोट्याने विचारलं. त्याच्या आवाजात लहान मुलाची घाई होती.

ताई कुंड्यांकडे बघत होती. मग तिने खाली बघितलं, मग पुन्हा फाटकाकडे.

"माती कुठेय?"

"कुठली माती?" तो हसला. "अगं, ती काढावीच लागते. मऊ जमिनीवर ठोकळे बसत नाहीत, खचतात. ठेकेदाराने पहार मारून बघितली, म्हणाला, हातभर खोलपर्यंत सगळं लोण्यासारखं आहे, तेवढं उचलावं लागेल. उचललं आणि मुरूम भरला. मस्त दाबून दिलंय. आता ट्रक उभा केलास तरी हलायचं नाही."

हातभर. ताईने मनातल्या मनात तो शब्द मोजून पाहिला. बरोबर होतं. ठेकेदाराने अंदाज चुकवला नव्हता.

पंचवीस वर्षांपूर्वी तिथे पहार मारली की ठिणगी उडायची. घर बांधताना उरलेलं सगळं वडिलांनी मागे लोटून दिलं होतं: फुटक्या फरश्या, सिमेंटचे गोळे, तारा, रंगाचे डबे. ताई तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलांच्या परीक्षानळ्या धुऊन घरी आली की ती परसात बसायची आणि एकेक चौरस वीत चाळायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय, लग्न नाही केलं की असं होतं. ती चाळत राहिली. पाऊस ओसरला की ती चवळी आणि ताग दाट पेरायची आणि फुलं धरायच्या आत सगळं कापून तिथल्या तिथे गाडायची. पहिल्या वर्षी गल्लीतल्या बायका हळहळल्या, एवढी चवळी मातीत घातली म्हणून. थंडीत झाडूवाली तिच्यासाठी गळलेली पानं पोत्यात भरून ठेवायची. ती पानं, स्वयंपाकघरातली सालं आणि शेण यांचे थर रचून ढीग घालायची आणि दर पंधरा दिवसांनी तो उलटायची. आत हात घातला तर चटका बसायचा. उन्हाळ्यात मातीचा एक तुकडा उघडा दिसायचा नाही; आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी ती वाळलेलं गवत पसरायची. आणि पावसाळ्यात एकच नियम होता, ओल्या मातीवर पाय द्यायचा नाही. वाफ्यांमध्ये फळ्या टाकलेल्या असायच्या, त्यांच्यावरूनच चालायचं. दरवर्षी एकदा ती मूठभर माती बरणीतल्या पाण्यात घोळून ठेवायची. वाळू खाली बसायची, चिकण वर, आणि सगळ्यांत वर काळा कुजकट तरंग. तो तरंग दरवर्षी केसभर जाड व्हायचा. वर्षाला बोटभर माती तयार झाली तरी डोक्यावरून पाणी, असं ती म्हणायची.

हे सगळं छोट्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तेच तर तिला गिळता येत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला आणि तो वर्षभर घरी बसला. बसला म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढी वाढली, बोलणं थांबलं. भावजय रडून रडून थकली. एक दिवस ताईने त्याच्या हातात खोरं दिलं आणि म्हणाली, "माझी कंबर धरलीय. ढीग उलटून दे." कंबर धरली नव्हती. त्याने ढीग उलटला. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा आला. महिन्याभराने त्याने एक गांडूळ तळहातावर घेऊन तिला दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हा बघ, कामावर निघालाय." वर्षभरात तो पहिल्यांदा हसला होता. पुढे नवी नोकरी लागली, दिवस पालटले, तेव्हा चारचौघांत तो सांगायचा, "मला डॉक्टरने नाही, ताईच्या मातीने उभं केलं." वडील गेल्यावर घराची वाटणी बोलण्यातच झाली होती. वरचा मजला छोट्याचा, खालच्या दोन खोल्या ताईच्या, मधली सगळ्यांची. "आणि परसदार ताईचं," हे कुणी विचारायच्या आत छोट्याच बोलला होता.

संध्याकाळी चहा पुढे ठेवून त्याने सगळं सांगितलं. मनी आणि जावई इथे राहायला येणार. मनी म्हणजे छोट्याची मुलगी, जिच्या बाळंतपणाला ताई गेली होती. वरचा मजला त्यांना द्यायचा, छोट्या आणि भावजय मधल्या खोलीत. दोघांच्या दोन गाड्या, पुढे गल्ली अरुंद. मागे फाटक काढल्याशिवाय इलाजच नव्हता.

"आणि बाळ तुमच्या मांडीवर वाढेल, ताई," भावजय म्हणाली. "तुमच्याशिवाय त्याला झोप येत नाही म्हणत होती मनी."

ताईने कपाची कड बोटाने पुसली.

"मला विचारलं का नाहीस?" ती छोट्याला म्हणाली.

"अगं, एकदम ठरलं. ठेकेदार मोकळा होता, मशीन जवळच आलेलं होतं. आणि तुला तिकडे कशाला त्रास? बाळाची जागरणं, त्यात हे."

"फोन होता."

छोट्याने भावजयीकडे बघितलं. मग चमच्याने साखर ढवळत राहिला, विरघळून गेलेली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो शेवटी म्हणाला.

"परसदार ताईचं, असं तूच म्हणाला होतास."

"मग अजून तुझंच आहे की! माझंतुझं कधी केलंय का आपण? बारा कुंड्या आणल्यात, चांगली विकतची माती आहे, पोत्यांवर सगळं लिहिलेलं आहे काय काय घातलंय ते. आता वाकायला नको, खणायला नको. पासष्टी उलटली तुझी, ताई. आराम कर."

त्याचा चेहरा खरोखर काळजीचा होता. त्यात खोट असती तर ताईला भांडता आलं असतं. ती उठली, तिन्ही कप उचलून मोरीत ठेवले आणि उभ्या उभ्या तेच कप दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीपाशी उभी असताना पलीकडून शेजारची शिंपीण डोकावली. गेली तीस वर्षं दोघींचं या भिंतीवरूनच बोलणं व्हायचं. शिंपिणीच्या तोंडात नेहमी दोन-चार टाचण्या असायच्या, तरी शब्द अडायचा नाही.

"बघितलंस?" तिने टाचण्या काढून पदराला लावल्या. एवढ्यावरूनच ताईला कळलं की आता गंभीर बोलणं आहे. "मला वाटलं तुला सांगून केलंय. मी म्हटलं, ताईने कसं काय कबूल केलं? मग टेम्पो भरताना तुझे टोमॅटो मुळासकट आडवे पडलेले बघितले. लगडलेले होते गं. तेव्हा समजले."

"कधी आलं मशीन?"

"तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी."

ताईने भिंतीवर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी मनीला अजून कळाही सुरू झाल्या नव्हत्या. दोन आठवड्यांसाठी म्हणून ती गेली होती. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. दर वेळी ती बॅग भरायला घ्यायची आणि दर वेळी मनी गळ्यात पडायची. 'आत्या, अजून एक आठवडा. तू गेलीस तर मी रडेन हं.'

"एकदम ठरलं म्हणतो," ताई म्हणाली.

"एकदम? अगं, तुमचा जावई येऊन टेपने मापं घेऊन गेला. आधी एकदा, आणि ठोकळे बसल्यावर पुन्हा एकदा, गाडी घेऊन. चार वेळा आत घातली, चार वेळा बाहेर काढली. मीच म्हटलं, आता पुरे, धूर माझ्या कपड्यांना लागतोय." शिंपिणीने आवाज खाली आणला. "वाईट नको वाटून घेऊस, पण मऊ लागलं म्हणून कोपराने खणायचं?"

"गाडी घेऊन कधी आला होता?"

"रविवार होता. मागचा का त्याच्या मागचा."

ताईला तो रविवार आठवत होता. जावयाला अचानक ऑफिसचं काम निघालं होतं. मनी म्हणाली होती, बघ ना आत्या, रविवारीसुद्धा सोडत नाहीत याला. त्या दिवशी ताईने बाळाला एकटीने आंघोळ घातली होती आणि जावयासाठी जेवण झाकून ठेवलं होतं.

ती घरात आली. फोन लावला. पलीकडे बाळाचा आवाज, पंख्याचा आवाज, मग मनी.

"पोचलीस ना गं नीट? दमली असशील. हा रात्रभर तुलाच शोधत होता."

"पोचले." ताईने आवाज नेहमीचा ठेवला. प्रयोगशाळेत मुलाच्या हातून आम्ल सांडलं की ती ज्या आवाजात बोलायची, तोच. "मनी, गाडी वळते ना गं मागे व्यवस्थित? मला आपली काळजी वाटत होती."

"हो अगं, वळते की आरामात! हा बघून आलाय ना, भिंतीपासून अजून दोन हात जागा—"

मनी थांबली.

पंख्याचा आवाज येत राहिला. बाळ कुरकुरलं, कुणीतरी त्याला थोपटलं.

"आत्या," मनी म्हणाली. "बाबा म्हणाले होते, मी सांगतो तिला. मला वाटलं... मी तुला सांगणार होते. दोनतीनदा तोंडापर्यंत आलं होतं."

"बाळाला डाव्या कुशीवर ठेव," ताई म्हणाली. "पोटात वारा धरलाय त्याच्या." आणि तिने फोन ठेवला.

दुपारभर ती पलंगावर बसून होती. मनी तीन वर्षांची असताना ताईच्या मांडीवर बसून मातीत बोट खुपसायची आणि बी टाकायची, एका भोकात पाच पाच. मनीच्या कॉलेजच्या प्रवेशाला रांगेत ताई उभी राहिली होती. सहा आठवडे त्या घरात दोन वाजता, चार वाजता ती उठली, मनीचे पाय चेपले, केस विंचरले. आणि त्या प्रत्येक मिठीत मनी एक दिवस मोजत होती, अजून मुरूम दाबायचाय, अजून ठोकळे यायचेत. असं असेल का? की मिठीही खरी होती आणि मोजणंही खरं होतं? दोन्ही खरं असणं जास्त वाईट आहे, असं ताईला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीपाशी गेली.

"टेम्पो कुठे गेला काही कळलं होतं का?"

"ड्रायव्हरने बटण लावून घेतलं होतं माझ्याकडून," शिंपीण म्हणाली. "म्हणाला, नवा दातांचा दवाखाना झालाय मोठ्या रस्त्यावर, त्याच्या पुढे बाग करायचीय. कशाला जातेस? जिवाला लावून घेशील."

ताई चालत गेली. अर्ध्या तासाचा रस्ता होता. दवाखाना काचेचा होता, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना विटांचे लांबलचक वाफे बांधलेले. एका वाफ्यात एक माळी रबरी बूट घालून उभा होता आणि पाइपने पाणी सोडत होता. घोट्यापर्यंत चिखल झाला होता.

ती कडेला वाकली. विचारायची गरजच नव्हती. चण्याएवढ्या दाण्यांची, काळसर, बोटांत धरली की तुटणारी पण चिकटून न बसणारी. तिने चिमूट नाकाशी नेली. मग ती विटांच्या कडेवर बसली.

"बरं वाटत नाही का, बाई?" माळ्याने पाइप बाजूला केला. "पाणी देऊ?"

"नको. पाणी जास्तच झालंय." ती म्हणाली. "तुम्ही आधी बाहेर या त्यातून."

माळ्याला गंमत वाटली. पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो बाहेर आला.

"ओल्यावर पाय दिला की दगड होतो तिचा," ताई म्हणाली. "एकदा दबली की दोन वर्षं उठत नाही. फळी टाका आणि फळीवर उभे राहा. पाणी सकाळी द्या, झारीने. आणि वरून असं उघडं ठेवू नका, ऊन पोळून काढेल. पानं पसरा. तो समोरचा कचऱ्याचा ढीग कुणी जाळतं का?"

"रोज जाळतो. मीच."

"उद्यापासून नका जाळू."

माळी कडेला टेकला आणि त्याने बूट काढून उपडा केला. "तुम्हाला कळतंय यातलं. मी वीस वर्षं या कामात आहे बाई, पण अशी माती टेम्पोतून कधी उतरली नाही. ओंजळ ओंजळ गांडुळं. मी ठेकेदाराला म्हटलं, ही कुणाच्या घरची उचलून आणलीस? तो म्हणाला, तुला काय करायचंय." त्याने खिशातून लाकडाच्या चपट्या पट्ट्या काढल्या, चिखल पुसून तिच्यासमोर धरल्या. "या निघाल्या त्यात. अक्षर बघा. कुणीतरी शाळेतली बाई असणार."

वाटाणा. पालक, दुसरी पेरणी. मनीचे झेंडू.

ताईने पट्ट्या हातात घेतल्या. तिन्ही वाचल्या, जणू पहिल्यांदाच वाचत होती.

"सांभाळून ठेवलेली दिसते," ती म्हणाली.

"ठेवलेली होती हो. पण मग दिली कशी? मरायच्या आधी कोणी अशी माती देत नाही. मेली असेल बिचारी. पोरांनी काढून टाकली असेल."

ताईने पट्ट्या त्याच्या हातात परत दिल्या. मोठ्या रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी.

"इथे काय लावणार आहात?" तिने विचारलं.

"हिरवळीच्या गुंडाळ्या यायच्यात. त्या अंथरायच्या आणि वरून रोलर."

"रोलर नको."

"मला सांगून काय उपयोग? पण मागच्या बाजूला एक वाफा आहे," माळी म्हणाला, "क्ष-किरणाच्या खोलीच्या खिडकीखाली. उरलेली माती तिथे टाकलीय. तिकडे कोणी फिरकत नाही, साहेबांना त्याचं काही नाही. ऊन मात्र दिवसभर. काय होईल तिथे?"

ती उठली. "बघू द्या," म्हणाली.

घरी परतायला दिवेलागण झाली. छोट्या जेवायला बसला होता. तिला बघून त्याने पाट सरकवला, ताटात वाढायला भावजयीला खुणावलं. दोन दिवस तो तिच्या अवतीभवती असाच वागत होता, पावलांचा आवाज न करता.

"कुठे होतीस गं? फोन पण घरी. मी शिंपिणीकडे विचारून आलो, ती टाचण्या तोंडात धरून बसली."

ताईने हात धुतले. नखांतलं काळं पूर्ण गेलं नाही; तिने हात पदराखाली घेतला.

"दातांच्या दवाखान्यात," ती म्हणाली.

"दवाखान्यात? दुखतंय?"

"दाढ."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"आणि बोलली नाहीस?" छोट्याचा घास हातातच राहिला. त्याचे डोळे लगेच भरून आले. तसा तो फार हळवा होता. "ताई, आपल्या घरात असं लपवून ठेवायचं नसतं गं. मी काय परका आहे? उद्या मनी येतेय बाळाला घेऊन, नाहीतर उद्याच मी तुला गाडीने..."

"उद्या सकाळीच बोलावलंय मला. मनी आली की जेवून घ्या, माझी वाट बघू नका."

"पुन्हा उद्या?"

"बरेच दिवस जावं लागेल म्हणाले. मुळापासून करायचंय."

अठ्ठावन्न वर्षांत ती त्याच्याशी एकदाच खोटं बोलली होती, कंबर धरली म्हणून. तेव्हा तिची जीभ अडखळली होती.

"मग मी सोडतो तुला," छोट्या म्हणाला. "फाटकातून सरळ बाहेर, पाच मिनिटांचं काम."

"नको," ताई म्हणाली आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली. "मी चालत जाईन."